भाजीबाजाराची दंडार

बाजारात ओटा असला की किस्से मागावे लागत नाहीत. कांद्याची टरफलं जशी, संध्याकाळी झाडून टाका, सकाळी पुन्हा पायाशी! मी नागपूरच्या भाजीबाजारात लसूण-अद्रक विकतो, पण आज सांगतो ते आमच्या दंडारीचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची, म्हणजे गावाची इडापिडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्याची, मिरवणूक निघते. तिच्यापुढे आम्ही भाजीवाले हातात टिपऱ्या घेऊन गोल नाचतो. म्होरके आमचे कांदेवाले केशवभौ.

*

प्रॅक्टिस दुपारी, गिऱ्हाईक कमी असताना, ओट्यांच्या मधल्या जागेत. एकदा एक मॅडम सांभार घ्यायला आल्या. (सांभार म्हणजे कोथिंबीर, पुण्याच्या पाहुण्यांसाठी सांगून ठेवतो.) आमची सांभारवाली शांताबाई गोलात नाचत होती. "थांबा जी, फेरी येऊ द्या," ती तिथूनच म्हणाली.

एका फेरीत तिनं जुडी उचलली, दुसऱ्या फेरीत मॅडमच्या पिशवीत टाकली. मॅडमही काही कमी नव्हत्या. "आणि वरच्या मिरच्या?"

"त्या पुढच्या फेरीत," शांताबाई म्हणाली. आणि दिल्या.

*

मिरवणुकीत ज्याला जे नको, ते ओरडून मारबतीसोबत पाठवायचं अशी रीत. कोणी महागाई पाठवतो, कोणी रोगराई. एका वर्षी शांताबाई आमच्या गोलातूनच ओरडली, "काट्यावर अंगठा ठेवणाऱ्यायले..."

"घेऊन जा गे मारबत!" गर्दीतली सगळी गिऱ्हाइकं गरजली. आमच्यातलं कोणी तोंड उघडेना.

शेवटी केशवभौ हळूच म्हणाले, "बाई, गोल रिकामा करतं काय वं?"

*

मग एका उन्हाळ्यात केशवभौंना लकवा मारला. डावं अंग गेलं. आम्ही दवाखान्यात भेटायला गेलो, तर जड जिभेनं पहिला प्रश्न काय? "मारबतीले नाचता येईन का मले?" डॉक्टर म्हणाले, चालले तरी देवाचे आभार माना.

त्यांचा कांदा आम्ही आळीपाळीनं विकला. माझ्या आजारपणात याच माणसानं माझा ओटा सांभाळला होता, तेव्हा उपकार केले असं म्हणायची माझी छाती नाही.

पोळ्याआधी ते काठी टेकत बाजारात आले, पण गोलात येईनात. "माह्याच्यानं बाजाराची फजिती होईन," म्हणत ओट्यावर बसून राहिले. भौंसोबत आलेल्या वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "यंदा नाई नाचले, त हे कायमचेच बसतीन जी."

शांताबाईनं ऐकलं. भौंचा हात धरून तिनं त्यांना पुढे उभं केलं. ढोलकी सुरू झाली. डावा पाय फरफटत, डावा खांदा पाडून ते अर्धी फेरी गेले आणि थांबले.

"काहून थांबले भौ?" म्हणत शांताबाई स्वतःच डावा पाय ओढत, खांदा पाडत त्यांच्या मागे नाचू लागली. मग मी. मग सगळा बाजार. लंगडतं कोण, ते कळायची सोयच राहिली नाही.

मिरवणुकीतही तसेच नाचलो. लोकांनी शिट्ट्या मारल्या, मोबाईलवर शूटिंग केलं. भौंचे डोळे भरून आले, माझेही. मला याच बाजारात ओटा मिळाला, याहून जास्त देवाकडे काय मागू?

*

पुढच्या वर्षी भौ पुष्कळ सुधारले होते. मिरवणूक एका चौकात थांबली, आणि मागून कामठीकडच्या भाजीवाल्यांची दंडार आली. सगळे तरणेबांड, धडधाकट. आणि सगळे डावा पाय ओढत नाचत होते! मी एकाला विचारलं, हे काय? तो अभिमानानं म्हणाला, "नागपूरची नवी स्टेप हाय काका. मोबाईलवर पाहून शिकलो."

मी घाबरून भौंकडे पाहिलं. ते काठीवर रेलून बराच वेळ त्या पोरांचे पाय न्याहाळत होते. मग काठी माझ्या हातात देऊन त्यांच्या गोलात शिरले.

"पाय बरोबर हाय गा," ते म्हणाले. "पण खांदा कुठी हाय? डावा खांदा पाडा."