आवाज न करणारा जनरेटर

मुलांनो, तुमचे आजोबा नोकरीभर एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होते आणि आमच्याच शेडमध्ये वीज नाही, हे फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही खूप हसलात. कारण साधं आहे. पिंपळगावजवळच्या या मळ्यात आमची शेड घरापासून लांब, द्राक्षबागेच्या टोकाला आहे, आणि शेतीची लाइन कधी दिवसा असते, कधी रात्री. त्यामुळे आजोबांचं सुतारकाम चालायचं बांधापलीकडे, त्यांच्या धाकट्या भावाच्या शेडमध्ये. तिथे जनरेटर होता.

मला ते सहन होत नव्हतं. दुपारी जेवण झालं की आजोबा ड्रिल आणि कटर पिशवीत घालून निघायचे. संध्याकाळी परत आले की भूक नसायची. "तिनं आज थालीपीठ केलं होतं गं," म्हणायचे, आणि माझ्या ताटाकडे बघायचेही नाहीत. ती म्हणजे माझी धाकटी जाऊ. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, इतकी वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, माझ्या कपाटात अंधारातसुद्धा हवी ती वस्तू हाताला लागते. तिची भांडी दिवसभर अंगणात लोळत असतात. तरी माझा नवरा दुपारभर तिच्या दारात. त्यांच्या जनरेटरची घरघर माझ्या ओट्यापर्यंत यायची आणि त्या घरघरीच्याही वर तिघांचं हसणं. "या आवाजानं माझं डोकं उठतं," असं मी सगळ्यांना सांगत होते. आवाजाचा त्रास नव्हता, हसण्याचा होता.

शेवटी मी ठरवलं, आपल्या शेडला आपला जनरेटर घ्यायचा. म्हणजे हे घरी राहतील.

नाशिकला द्वारका चौकाजवळच्या एका दुकानात गेलो. प्रत्येक हत्याराच्या पाटीवर लिहिलेले वॅट मी आधीच उतरवून घेतले होते आणि एका वेळी एकच हत्यार चालेल, असा हिशेब धरला होता. दुकानदारानं आधी एक मोठा दाखवला. दोरी ओढली तर अख्खं दुकान हादरलं. तो मी घेणार कसा? आवाजाची तक्रार करणारी मीच. मग त्यानं सुटकेससारखा एक छोटा काढला, एका हातानं उचलता येणारा. चालू केला तरी शेजारी उभं राहून बोलता येत होतं.

"पण आजी, कटर सुरू होताना पाटीवरच्यापेक्षा बराच जास्त ओढतो," दुकानदार म्हणाला. "यावर चालेलच असं नाही."

"हिशेब मी केला आहे," मी म्हटलं आणि यांच्याकडे पाहिलं. "अहो, बोला ना काहीतरी."

"तू म्हणशील तो," आजोबा म्हणाले.

जनरेटर आला तेव्हा रीतीप्रमाणे जावेला हळदकुंकवाला बोलवावं लागलं. तिनं मशीनला कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"लय गोड हाय हो ताई. खेळण्यासारखा."

धूर कोंडू नये म्हणून आम्ही तो शेडबाहेर सावलीत ठेवला आणि वायर आत नेली. ड्रिल फिरलं. पॉलिशचं मशीनही फिरलं. मी जावेकडे एकदा बघून घेतलं. मग आजोबांनी कटरचं बटण दाबलं. तो नुसता कण्हला, जनरेटरवर लाल दिवा लागला आणि वीज गेली. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

"असू द्या की दादा," जाऊ त्यांना म्हणाली. "कापायचं काम आमच्याकडं करीत जा. आमचा धटिंगण जनरेटर हायेच."

मी आत जाऊन नारळाचे तुकडे करत बसले. तुकडे फार बारीक झाले.

संध्याकाळी हे नळावर हात धूत होते, तेव्हा विचारलं, "तुम्हाला दुकानातच माहीत होतं ना, यावर कटर चालणार नाही?"

"जन्म विजेत गेला माझा. माहीत नसेल का?"

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी नळ बंद केला. "मोठा घेतला असता तर तिकडे जायला निमित्त काय उरलं असतं? नुसतं 'बघायला आलो' म्हटलं की धाकटा भिंतीकडे तोंड करतो. कापायला फळी नेली की धरायला उठतो."

गेल्या वर्षी भाऊजींना अर्धांगाचा झटका आला. डावा हात अजून उचलत नाही. हे मला ठाऊक होतं. यांचं बोलणं मला पटलंही. पण पटलं म्हणून माझं जळणं थांबलं असं नाही. तीही तिथे असते ना, रोज!

दुसऱ्या दिवशी हे पिशवी घेऊन निघाले, तशी मीही चपला घातल्या. पलीकडे भाऊजी उजव्या हातानं फळी दाबून उभे होते, घामानं भिजलेले, आणि मोठ्यानं बोलत होते. "दादा, सरळ धर! वहिनी, तुम्ही पण आलात?"

जावेचा चेहरा उतरला. मला ते स्पष्ट दिसलं आणि फार बरं वाटलं. तिनं लगबगीनं एक खुर्ची आणली, दाराशी ठेवली.

"ताई, हितंच बसा. आत भुसा लय उडतो, साडी खराब व्हायची."

आणि स्वतः जाऊन दोघा भावांच्या मधे उभी राहिली.

मी खुर्ची उचलली आणि आत नेली.