बंद पडलेल्या प्रोग्रॅमची निगा

समोरच्या घरातली प्रियंका दुपारी लॅपटॉप घेऊन माझ्या जेवणाच्या टेबलावर कामाला बसते. त्या वेळी तिच्या वडिलांचा व्यायाम घेणारा माणूस येतो. अर्धांगवायू झाल्यापासून वडील त्याला मोठ्याने शिव्या देतात आणि त्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये ऐकू जातात.

ती कुठल्याशा हॉटेलांच्या बुकिंगचा प्रोग्रॅम तपासते, एवढं मला ठाऊक होतं. एकदा सहज विचारलं, तर म्हणाली, तो बंद होऊन दोन वर्षं झाली.

"मग तपासतेस काय?"

"तोच. कोणी वापरत नाही, पण तपासण्या चालू ठेवायच्या असं करारात आहे ना, काकू."

तपासण्या म्हणजे हजारोंनी लिहून ठेवलेल्या टेस्ट. त्या चालवायला एक टूल असतं. त्याचं नवं व्हर्जन आलं की जुन्या पद्धतीच्या टेस्ट त्याला चालत नाहीत, पडद्यावर लाल, म्हणजे नापास दिसतात. प्रियंका एकेक बदलून हिरवी करते. कधी खोट प्रोग्रॅमचीच निघते, मग ती प्रोग्रॅम दुरुस्त करते. त्यामुळे तिच्या कंपनीत सर्वांत ठणठणीत प्रोग्रॅम हाच, ज्यावरून आता कोणालाही खोली मिळत नाही.

मला हसू येई, तिला नाही. हे काम बोरीवलीत बसून करता येतं. ते संपलं तर तिला बंगळूरला धाडणार होते, आणि वडिलांना एकटीने उठवून बसवण्याइतकं बळ तिच्या आईच्या, द्रौपदीबाईंच्या हातात उरलेलं नाही.

गेल्या महिन्यात ग्राहक कंपनीतल्या श्यामसुंदर नावाच्या गृहस्थांचा फोन आला. तिचा रोजचा अहवाल वाचणं, एवढंच त्यांचं काम. तिने फोन स्पीकरवर ठेवला.

"मॅडम, तुमचं सगळं हिरवंच असतं."

"नव्या व्हर्जनवरही हिरवं आहे, सर."

"तेच तर. साहेब विचारतात, रोज हिरवंच, तर वाचायला माणूस कशाला? आठवड्याला एखादी लाल ठेवा की. मी शेरा मारीन."

"मी मुद्दाम नापास नाही करणार कोणाला."

"मुद्दाम नको हो. दुरुस्तीला उशीर करा."

फोन ठेवून ती म्हणाली, "येडा आहे हा माणूस." "काकू, याला काढलं तर अहवाल वाचणार कोण? मग मला तरी कशाला ठेवतील?"

पुढचं व्हर्जन आलं. समुद्र दिसणाऱ्या खोलीचं बुकिंग रद्द करण्याची टेस्ट लाल झाली. ती दुरुस्त करायला प्रियंकाचा हात सारखा कीबोर्डकडे जाई. शेवटी मीच लॅपटॉप मिटला आणि तिच्यापुढे पोह्यांची बशी सरकवली.

श्यामसुंदरांनी शेरा मारला, 'गंभीर'. दोन्ही कंपन्यांची मीटिंग बसली. याचा परिणाम काय, असं एका साहेबांनी विचारलं. श्यामसुंदर म्हणाले, "समुद्र नको असलेल्यांची फार गैरसोय होईल." कोणी हसलं नाही. करार आणखी तीन वर्षांसाठी वाढवला, आणि असं पुन्हा होऊ नये म्हणून तिच्या हाताखाली एक माणूस दिला.

प्रियंकाने आधी जाऊन आईला सांगितलं, मग माझ्याकडे येऊन ती टेस्ट हिरवी केली. पुढच्या आठवड्यात लाल कोणती ठेवायची, हे आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. मी नाश्त्याची सुचवली.

"नको," ती म्हणाली. "नाश्ता म्हटलं की साहेब लोक खरंच चिडतात. स्विमिंग पूल घेऊ."