इंजिन बंद करा, चहा टाकते

शेवटचं पाणी पाजताना ह्यांनी देवाचं नाव घेतलं नाही. "कोल्हारचा बापू आला तर चहा पाजल्याबिगर सोडू नको," एवढंच म्हणाले... आणि गेले. मेल्यावर वैर संपतं म्हणतात. संपू दे लोकांचं! मी ह्यांचं जपून ठेवलंय.

नव्वद-एक्याण्णवची गोष्ट. श्रीरामपुरात ह्यांची टॅक्सी होती. नवरदेवांना भाड्याने द्यायला एक मोठी गाडी घ्यायची, हे ह्यांचं स्वप्न. बापू मुंबईच्या लिलावातून जुन्या परदेशी गाड्या आणून विकायचा. त्यातलीच एक लांबडी काळी गाडी त्याने इंजिन चालू ठेवूनच दारात उभी केली. ह्यांचे दोस्त शब्बीर मिस्त्री गाडीखाली शिरले आणि तोंड वाकडं करून बाहेर आले. "हिला स्प्रिंगचे पाटे न्हाईत भाऊ, चार चाकांवर चार हवेचे फुगे हायेत. इंजिन हवा भरतंय तवर ठीक. फुगे बदलायचे म्हणलं तर त्या पैशात जुनी जीप यील." हे नको म्हणायच्या बेतात होते.

पण दारात आलेली गाडी ओवाळल्याशिवाय पाठवायची नाही, ही माझ्या सासरची रीत. निरांजन विझतंय म्हणून मीच इंजिन बंद करायला लावलं. आरती संपेपर्यंत गाडीचं नाक हळूहळू खाली आलं. "अगं बाई, नमस्कार करती!" मीच ओरडले. "लक्ष्मी वाकली वहिनी, आता माघारी नेऊ व्हय?" बापूने लगेच संधी साधली. नारळ फुटला. मिस्त्रींनी कपाळावर हात मारला.

दुसऱ्याच वरातीत गाडी नवरदेवासकट रस्त्याला टेकली. दुरुस्तीत टॅक्सी गेली. "पूजा तुमीच केली की!" म्हणून बापू मोकळा. हे मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं...

मग बापूचा असल्या फुग्यांच्या गाडीचा सौदा मिरजगावला असो की आणखी कुठे, हे एसटीने जायचे. गिऱ्हाईकाशेजारी उभं राहून म्हणायचे, "इंजिन बंद करा, आधी चहा घेऊ." चहा संपेस्तोवर गाडी खाली बसायची, सौदा मोडायचा. त्या दिवशी हे दोन भाकरी जास्त जेवायचे.

परवा बापू भेटायला आला. दारात तसलीच गाडी, गिऱ्हाईक आतच, इंजिन चालू. "लई वाईट झालं वहिनी." मेल्याच्या तोंडावर सुटका दिसत होती नुसती! मी गिऱ्हाईकालाही आत बोलावलं. "इंजिन बंद करा, चहा टाकते." दुखवट्याच्या घरी नाही कसं म्हणणार? आलं सावकाश ठेचलं. दूध दोनदा उकळलं. बापूला ह्यांच्याच कपात चहा दिला.

ह्यांचा फोटो दाराकडे तोंड करून आहे. मी गिऱ्हाईकाला बाहेर बोट दाखवलं.

"बघा हो, गाडी आमच्या ह्यांना नमस्कार करती."