पाय लागला

कोपर स्टेशनला पश्चिमेकडे उतरून खाडीच्या दिशेने चालत सुटलं की शेवटच्या चाळींमागे एक मैदान लागायचं. मैदान आपलं म्हणायचं. एका अंगाला खारफुटी, दुसऱ्या अंगाला कुणीतरी आणून टाकलेला भराव आणि मधे जी काय जमीन उरली, ती पोरांची. हिवाळ्यातल्या सकाळी खाडीवरून धुकं आलं की गोलचे बांबू दिसेनासे व्हायचे. विश्राम शिगवण त्या न दिसणाऱ्या बांबूंकडे चेंडू मारायचा. चेंडू धुक्यात शिरून नाहीसा व्हायचा. गोल झाला की नाही कळायला मार्ग नसायचा, पण हा गडी झालाच असं धरून दोन्ही हात पसरून धावत सुटायचा. तेव्हापासूनच तो थोडा स्वप्नाळू होता, खोटं कशाला बोला.

त्यात नाव विश्राम! फॉरवर्डचं नाव कुणी विश्राम ठेवतं का? पण गुहागरकडच्या आजोबांचं नाव होतं, त्याला कोण काय बोलणार. शाळेत पीटीच्या तासाला सर 'सावधान, विश्राम' ओरडले की सगळा वर्ग याच्याकडे बघून हसायचा. हाही हसायचा. त्याला तसा राग यायचाच नाही कधी, आणि पुढे सगळे कोच त्याच्या नावाने हीच तक्रार करत आले.

शिगवणांचं घर म्हणजे मोरी धरून एक खोली. वडील मानपाड्याच्या एका केमिकल कंपनीत, आई मंजुळाबाई घरी पापड-कुरडया करून देणाऱ्या. शिवाय आजी, काका, बहिणी, आणि गावाहून नोकरी शोधायला आलेला कुणी ना कुणी कायमचा. अंथरुणं पडली की जमीन दिसायची नाही. विश्रामला पहाटे प्रॅक्टिसला निघावं लागे. दिवा लावायची सोय नाही, कारण काका रात्रपाळी करून आलेले. मग तो अंदाजाने पाय टाकत निघायचा. काकांच्या कोपराला वळसा, आजीच्या उशाजवळून डावीकडे, बहिणीच्या पसरलेल्या वेणीवरून हलकी उडी, की दार. पुढे गोव्याच्या एका पेपरात छापून आलं की या पोराचं ड्रिब्लिंग ब्राझीलच्या वळणाचं आहे. ब्राझील कसलं डोंबलाचं! ते या खोलीतलं होतं.

एवढं सांभाळूनही पाय लागायचाच. कधी कुणाच्या हाताला, कधी वहीला, कधी केरसुणीला. त्या बाबतीत मंजुळाबाईंचा कायदा कडक. "पाय लागला ना? मग हात लाव आणि छातीला ने. माणूस असो नाहीतर सूप असो." चुकलं तर पाठीत धपाटा. होता होता ते विश्रामच्या अंगात इतकं मुरलं की त्याला विचार करावाच लागेना. शिंक येते तसा नमस्कार यायचा. पाय लागला, की हात आपोआप खाली, मग छातीवर, आणि मग पुढचं काम.

मुंबईच्या लीगमध्ये एका ऑफिसच्या टीमकडून तो खेळायला लागला, तेव्हा वडील म्हणाले, "कंपनीत चिकटवतो, दोन-तीन वर्षांत कायम होशील." मंजुळाबाई म्हणाल्या, "जाऊ द्या की त्याला. कंपनी काय पळून चाललीय?" मग गोव्याच्या क्लबचा करार आला. खेळायचे पैसे मिळतात हे चाळीत कुणाला खरं वाटेना. तिथे त्याने चार सीझन खोऱ्याने गोल केले.

गोल मारताना काय होतं, असं त्याला बायको दर्शनाने लग्नानंतर एकदा विचारलेलं. तो म्हणाला, "आवाज जातो गं. सगळं स्टेडियम असतं, पण आवाज जातो. गवत दिसतं, एकेक पान दिसतं. गोलकीपर हळू पडताना दिसतो. आणि आपल्याकडे भरपूर वेळ आहे असं वाटतं, सुट्टीच्या दुपारी लोळताना वाटतं ना, तसं." दर्शना ठाण्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. तिचा दिवस सुया आणि नळ्यांचा. तिला हे ऐकून वाटलं, या माणसाबरोबर आयुष्य बरं जाईल.

सव्विसाव्या वर्षी त्याला देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमधल्या एका क्लबने घेतलं. चाळीत पेढे, गल्लीत बॅनर, बॅनरवर स्थानिक नेत्याचा फोटो विश्रामपेक्षा मोठा, सगळं रीतसर झालं. पण तिथे बाहेरदेशचे फॉरवर्ड. हा आपला बाकावर. सामन्यांमागून सामने बाकावर बसून तो गवताकडे बघत राहायचा. त्या लीगमधला एक गोल, फक्त एक, एवढंच त्याचं मागणं होतं. झोपेत त्याला तो गोल दिसायचा आणि जाग आली की अंथरुणातला पाय सरळ झालेला असायचा.

अखेर केरळात एका सामन्यात शेवटची दहा-बारा मिनिटं राहिलेली असताना स्पेनहून आलेल्या कोचने त्याला आत पाठवलं. बरोबरी चाललेली. मधून एक लांब पास आला आणि विश्राम सुटला. एक गडी मागे पडला, दुसरा मागे पडला. आवाज गेला. समोर फक्त गोली, मिझोरमचा एक तरणा पोरगा. त्याने पायांवर झेप घेतली, चेंडू त्याच्या हाताला लागून बाजूला उडाला आणि जाळ्यासमोर दोन हात अंतरावर येऊन थांबला. जाळं उघडं. आसपास कुणी नाही. आजीनेसुद्धा काठीने ढकलला असता, असा चेंडू.

आणि विश्रामचा पाय खाली पडलेल्या गोलीच्या खांद्याला लागला.

तो वाकला. गोलीच्या खांद्याला हात लावला, हात छातीवर नेला. मान वर केली, तेव्हा विरुद्ध बाजूच्या कुणीतरी चेंडू प्रेक्षकांत भिरकावून दिला होता.

हातातोंडाशी आलेला घास म्हणतात तो हा. कोच लाल होऊन ओरडत होता, काय झालं, काय झालं? विश्रामला तेव्हा दुसरं काही सुचेना. असिस्टंट कोचला तो म्हणाला, "पैर लग गया." त्या भल्या माणसाने इंग्रजीत सांगितलं की पायाला लागलंय. लगेच फिजिओ बर्फाचा स्प्रे घेऊन धावत आला आणि ठणठणीत पायावर फवारा मारून विश्रामला बाहेर काढण्यात आलं. पुढे व्हिडिओ बघितल्यावर सगळ्यांना खरं कळलं. ड्रेसिंग रूममध्ये पोरं येता-जाता त्याला हात जोडायची. सीझन संपला आणि क्लबने त्याला सोडलं. याच्यात खुन्नस नाही, असं कोचचं मत पडलं.

तो बाकावरच बसतो म्हणून घरच्यांनी सामने बघणं केव्हाच सोडलं होतं. घरी फोन केला तेव्हा मंजुळाबाईंनी विचारलं, "काय झालं रे? का सोडलं?"

विश्रामच्या तोंडात 'पाय लागला' आलेलं. पण त्याच्या डोळ्यांसमोर आई उभी राहिली. आपणच शिकवलं आणि त्यापायी पोराचा घास गेला, हे तिला कळलं तर ती जन्मभर स्वतःला कोसत बसणार. तिला अन्न गोड लागायचं नाही. मग त्याने शब्द जरासा वाकवला. "पायाला लागलं, आई."

मराठी भाषा मोठी सोयीची आहे. 'पाय लागला' आणि 'पायाला लागलं', फरक तो केवढा! पण तेवढ्यावर त्याला पुढची आठ वर्षं काढावी लागली.

तो पुढेही खेळला. खालच्या लीगमध्ये, कधी बंगालमध्ये, कधी बंगळुरात, गोलही केले. पण वरून बोलावणं परत आलं नाही. दर वेळी घरी आला की मंजुळाबाई वाटीत तेल कोमट करून बसायच्या. "आण तो पाय." सुरुवातीला कुठला पाय सांगितलेला हे त्यालाच आठवेना. एकदा डावा पुढे केला तर त्या म्हणाल्या, "उजवा ना रे?" तेव्हापासून उजवा. धडधाकट घोट्याला आई तासभर तेल चोळायची आणि तो डोळे मिटून पडून राहायचा. दर्शनाला सगळं माहीत होतं. ती म्हणायची, "सांगून टाक ना एकदाचं." तो म्हणायचा, "नको. ती मरेल गं." मिटल्या डोळ्यांपुढे त्याला दर वेळी तेच उघडं जाळं दिसायचं, हिरव्यागार गवतावरचा तो थांबलेला चेंडू, आणि कधी कधी तो वाकायचा नाही. चेंडू आत जायचा. मग आईचा हात घोट्यावर जाणवायचा आणि त्याला चोरट्यासारखं वाटायचं.

चौतिसाव्या वर्षी खेळ थांबला. वडील गेले होते, चाळ जाऊन इमारत उभी राहिली होती, मैदानही भरावाखाली गेलं होतं. आता विश्राम मानपाड्याजवळच्या एका टर्फवर संध्याकाळी पोरांना शिकवतो. चांगला शिकवतो असं पालक म्हणतात. फक्त मधेच कुठेतरी बघत राहतो, एवढंच.

परवाच्या बुधवारची गोष्ट. दुपारची वेळ, दर्शनाला सुट्टी. विश्राम सोफ्यावर पडलेला, मंजुळाबाई खाली बसून लसूण सोलत होत्या. त्यांचा फोन वाजला. भजनी मंडळाच्या ग्रुपवर मीराबाईंनी एक व्हिडिओ टाकला होता. मीराबाई म्हणजे मंडळातल्या पेटीवाल्या. फोनवर आलेलं पुढे ढकलल्याशिवाय त्यांना घास उतरत नाही. व्हिडिओच्या खाली लिहिलेलं, 'याला म्हणतात संस्कार! आपल्या मुलांना जरूर दाखवा,' आणि हात जोडलेल्या चित्रांची रांग. कुठून फिरत फिरत आलेला, देव जाणे. खेळाडूचं नाव नाही, चित्र धूसर, तोंडही धड दिसत नाही. पण आईला तोंड कशाला लागतं?

"विशू, हा तू ना रे?"

विश्राम उठून बसला. स्क्रीनवर तो वाकत होता. "नाही गं, कुणीतरी..."

"पाठ ओळखत नाही होय मी?"

स्वयंपाकघराच्या दारात दर्शना गाळणं हातात घेऊन थबकली. विश्रामने तिच्याकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे. "हो. मीच."

"ही तीच मॅच? पायाला लागलं ती?"

"पायाला नव्हतं लागलं, आई. पाय लागलेला. म्हणून सोडलं त्यांनी."

मंजुळाबाईंनी व्हिडिओ परत लावला. परत लावला. विश्राम त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होता. आता डोळ्यांत पाणी येणार, आता येणार. आठ वर्षं तो या एका क्षणाला घाबरलेला.

"ह्या खाली पडलेल्या पोराला लागलं का फार?"

"नाही. लगेच उठला तो."

"नक्की?"

"नक्की, आई."

"मग आधी गोल घालायचा ना रे मेल्या!"

"काय?"

"चेंडू समोर, जाळं रिकामं, आणि हे ध्यान वाकतंय! नमस्कार काय पळून चाललेला? अरे, भाकरी तव्यावर असताना माझा पाय तुला किती वेळा लागलाय. मी काय भाकरी करपू दिली? आधी भाकरी उलटायची, मग नमस्कार करायचा. एवढं कळू नये माणसाला?"

दर्शना आधी हसली. मग विश्रामला जे हसू फुटलं ते थांबेना. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्याने पुसलं नाही. आईचा कायदा त्याने जन्मभर पाळला होता आणि तो त्याला पुरता कळलाच नव्हता.

मंजुळाबाई मात्र हसत नव्हत्या. फोन त्यांच्या मांडीवर होता आणि बोटं लसणाच्या सालींत उगीच फिरत होती.

"कुणी विचारलं नाही तुला, हे कुणी शिकवलं म्हणून?"

"विचारलं ना. कोचने विचारलं, पोरांनी विचारलं."

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, सवय आहे. असंच."

"माझं नाव नाही घेतलंस."

"कशाला घेऊ? सगळे हसत होते, आई. तुलापण हसले असते."

"हसले असते तर हसू देत की," मंजुळाबाई म्हणाल्या आणि त्यांचा आवाज तिथे पहिल्यांदा हलला. "दोघांना मिळून हसले असते. एवढी वर्षं तुला एकट्यालाच हसत राहिले ना रे."