माझी मज्जा चालणार नव्हती

भावाच्या दंडांवर निळे डाग दिसू लागले, तेव्हा तो पांडेसऱ्याच्या कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमध्ये कामाला होता. हिरड्यांतून रक्त येई, जिना चढताना धाप लागे. तपासण्यांनंतर कळलं, त्याच्या हाडांतली मज्जा पुरेसं रक्तच तयार करत नव्हती. शेजारीपाजारी म्हणाले, रंगाच्या वाफेनं झालं. वडिलांचं जेवणावरचं लक्ष उडालं. ‘‘मन्हीच चूक शे,’’ ते म्हणत, ‘‘मीच त्याले मिलमा लायं.’’

सख्ख्या भावंडाची जुळणारी मज्जा चढवली तर तो बरा होऊ शकेल, असं आम्हाला कळलं होतं. आम्ही तीन भावंडं. मी थोरली, शाळेत शिकवते. माझी मज्जा भावाशी पूर्ण जुळली, तेव्हा मी त्याच दिवशी रजेचा अर्ज देऊन टाकला. पण त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरबाईंनी थांबवलं. त्यांनी भावाची चिरलेली, पातळ नखं निरखली आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, ‘‘तुमचे केस कधी पिकले?’’

‘‘कॉलेजात असतानाच. आईचेही लवकर पिकले होते.’’

‘‘आई कशानं गेल्या?’’

‘‘फुप्फुसं आक्रसली होती. श्वास पुरेना.’’

त्यांनी ते लिहून घेतलं. म्हणाल्या, ‘‘हा आजार वरून एकच दिसतो, आत प्रकार वेगळे असतात. कधी शरीरच स्वतःच्या मज्जेवर उलटतं, त्याला औषधं आहेत. कधी दोष जन्मापासून जनुकांत असतो; अशी नखं, लवकर पिकलेले केस, आक्रसलेली फुप्फुसं ही त्याची चिन्हं असू शकतात. मग त्या औषधांचा फारसा उपयोग होत नाही, आणि धडधाकट दिसणाऱ्या भावंडातही तोच दोष असू शकतो. जनुकांची तपासणी झाल्याशिवाय मी पाऊल उचलणार नाही.’’

रिपोर्ट यायला महिना लागला. तोवर भावाला रक्त आणि प्लेटलेट चढवत राहिलो. दोष जन्मजात निघाला, आईकडून आलेला. तो माझ्यातही होता. माझी मज्जा चालणार नव्हती.

बाहेरच्या बाकावर मी थोडा वेळ रडले. मग वडिलांना सांगितलं, ‘‘बाबा, मिलमुळे झालेलं नाही. हे त्याच्यात जन्मापासूनच होतं.’’ त्या दिवशी ते पोटभर जेवले.

उरली धाकटी बहीण. तिचं नुकतंच लग्न होऊन ती कडोदऱ्याला गेली होती. फोनवर तपासणीचं काढलं की ती विषय बदलायची. मी सरळ तिच्या घरी गेले. स्वयंपाकघरात ती कुजबुजली, ‘‘ताई, दोष निघाला तर हे लोक मला काय म्हणतील?’’

मी बाहेर आले आणि तिच्या सासूबाईंसमोर बसून सगळं सांगितलं. आईचं, भावाचं, माझंही. लपवून काही मिळणार नव्हतं. सासूबाईंनी शांतपणे ऐकलं. ‘‘पोराचा जीव मोठा की लोकांचं बोलणं?’’ त्या सुनेला म्हणाल्या. ‘‘उद्या जाऊ. मी येते सोबत.’’

तिच्यात दोष नव्हता, आणि मज्जाही जुळली. भावाची फुप्फुसं नाजूक ठरतील म्हणून डॉक्टरबाईंनी जुनी मज्जा काढून टाकणाऱ्या औषधांचा मारा हलका ठेवला आणि मग बहिणीची मज्जा चढवली. तरी तोंड फोडांनी भरलं, ताप उतरेना. तिसऱ्या आठवड्यात नव्या मज्जेनं काम सुरू केलं.

वर्ष उलटलंय. भाऊ उधन्यात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. मी दर सहा महिन्यांनी रक्त तपासून घेते. भीती वाटते, पण तारीख चुकवत नाही.