साडेपाच तासांचा घोळ

आमच्या लातूरच्या ऑफिसातले जुने लोक कधीही भेटले तरी पाच मिनिटांत गाडी घड्याळावर येते. एकाने किस्सा सुरू केला की दुसरा म्हणतो, "थांब, तो पहाटेचा पेपर आधी सांग!" बाकीच्या ऑफिसांत किस्से माणसांमुळे तयार होतात. आमचे सगळे वेळेमुळे झाले. ऐकणारे हसतात. आम्ही कपाळाला हात लावतो.

आम्ही क्लासेससाठी ऑनलाइन टेस्टचं सॉफ्टवेअर बनवायचो. लातुरात तेव्हा क्लासेसचं असं पेव फुटलं होतं की आमच्या गल्लीत किराणा दुकान शोधावं लागे, फिजिक्सवाले मात्र दर जिन्यावर एक. मालक बिरादार सर, मूळचे औशाकडचे. प्रोग्रामिंगला मी आणि हदगावचा गोविंद. गोविंद हुशार, पण घाईचा. आणि सर्व्हर परदेशात, जो जागतिक वेळेवर चालायचा. आपण त्या वेळेच्या साडेपाच तास पुढे. एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवायची होती!

* * *

पहिलीच मोठी टेस्ट. पेपर सकाळी दहाला उघडायचा. हॉल भरलेला, पोरं फोन हातात धरून बसलेली. पेपर उघडेना.

क्लासच्या संचालकांचा फोन आला. "मॅडम, पोरं बसून हायत! पेपर कुठाय?"

गोविंदने तपासलं आणि हळूच म्हणाला, "ताई, पेपर बरोबर दहालाच उघडणार हाय. फक्त लंडनच्या दहाला."

म्हणजे आपल्या दुपारी साडेतीनला! मी हे संचालकांना जमेल तितक्या गोड भाषेत सांगितलं. मग ते म्हणाले, "लंडनची किती पोरं बसलीत टेस्टला?"

* * *

गोविंदने दुरुस्ती केली. सर्व्हरवर साडेपाच तास वजा केले. मग पक्कं व्हावं म्हणून ॲपमध्येही साडेपाच तास वजा केले. मला सांगितलं, "ताई, डबल बंदोबस्त करून राहिलो!"

पुढच्या रविवारचा दहाचा पेपर पहाटे साडेचारलाच उघडला.

पुण्या-मुंबईत हे कुणाला कळलंही नसतं. पण लातूर आहे हे! पहाटे साडेचारला इथल्या होस्टेलांत चहाची दुसरी फेरी सुरू असते. सहा वाजेपर्यंत अख्खा पेपर खोल्याखोल्यांतून फिरून आला, उत्तरांसकट.

निकाल असा लागला की विचारू नका! आम्ही दिवसभर तोंड लपवून बसलो. संध्याकाळी संचालक स्वतः ऑफिसात आले, पेढे घेऊन. खुर्ची पुढे ओढून अगदी खासगी आवाजात म्हणाले, "हे सॉफ्टवेअर शेजारच्या क्लासला देऊ नका. जमेल ना?"

* * *

मग जन्मतारखा. विद्यार्थ्याची जन्मतारीख आमच्या सिस्टिममध्ये रात्री बाराच्या ठोक्याला धरली जायची. ती जागतिक वेळेत गेली की साडेपाच तास मागे, म्हणजे आदल्या दिवसात. एक जूनला जन्मलेलं पोरगं एकतीस मेचं व्हायचं.

हे आमच्या आधी पुण्याच्या एका टेस्टरने पकडलं. त्या बाईंना आम्ही तात्पुरतं काम दिलं होतं. फार काटेकोर. त्यांनी कळवलं, "तारखा एक दिवस मागे जात आहेत." आम्ही दोन दिवस खपून ते नीट केलं आणि परत तपासायला दिलं.

त्यांचा फोन आला. आवाजात चीड. "अहो, पहिल्यापेक्षा मोठा बग आहे! तुमच्या यादीतल्या निम्म्या मुलांची जन्मतारीख एक जूनच दिसते. असं कसं शक्य आहे?"

मी गोविंदकडे बघितलं. त्याचा स्वतःचा जन्म कागदोपत्री एक जूनचा. माझ्या दोन्ही मामांचाही तोच. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सगळ्यांचं एकाच दिवशी उरकलेलं!

गोविंदने फोन घेतला. "मॅडम, तो बग न्हाई. तो मराठवाडा हाय."

* * *

ॲपच्या सेटिंगमध्ये वेळ निवडायची यादी होती. भारताच्या वेळेला जगभरच्या कॉम्प्युटरांत कोलकात्याचं नाव आहे. एका पालकाने तक्रार केली, "आमचं पोरगं लातुरात शिकून राहिलंय, तुम्ही बंगालची वेळ का दाखवता?"

मी समजावलं, भारतात वेळ एकच, नाव कुठलंही असो. ते ऐकेनात. बिरादार सर वैतागून म्हणाले, "अगं, लिही ना लातूर! काय बिघडतं?"

लिहिलं. दुसऱ्या दिवशी नांदेडच्या क्लासचा फोन. "नांदेडचं घड्याळ लातूरच्या नावावर? चालणार न्हाई! आमचे पालक काय म्हणतील?"

मग नांदेडही घातलं. वेळ तीच, नाव दुसरं. मला वाटलं, मिटलं. आठवड्याने उदगीरहून एक शिष्टमंडळच आलं, तीन सर आणि एक पालक. पाणी प्यायले, चहा घेतला, मुद्द्यावर आले.

ते गेल्यावर बिरादार सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "आजवर जिल्हा मागत होते. आता वेळही वेगळी पाहिजे. घाल बाई, उदगीर पण घाल!"

* * *

मध्यंतरी एक अमेरिकेचं काम मिळालं. रोज संध्याकाळी सातला त्यांच्याबरोबर फोन. गोविंदचा साखरपुडा नांदेडला ठरला, सोमवारी रात्री आठला. त्याने हिशेब केला, सातचा कॉल उरकायचा आणि पाटावर बसायचं.

नेमकी आदल्याच दिवशी, रविवारी, अमेरिकेने आपली घड्याळं तासभर मागे घेतली. ते लोक वर्षातून दोनदा असं करतात, हे आम्हा तिघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. सातला कॉल लागेना. गोविंद खूश. आठला सासऱ्यांच्या हॉलमध्ये बसला, कपाळाला कुंकू लागलं, अंगठीची डबी उघडली आणि खिशातला फोन वाजला!

आम्ही सगळे त्या तासभर उशिरा आलेल्या कॉलवर होतो. मागे बायकांचा गलका, कुणीतरी "नवरीला जरा पुढं घ्या" म्हणतंय. अमेरिकेच्या साहेबाने विचारलं, हा आवाज कसला?

गोविंद म्हणाला, "सर, एंगेजमेंट."

साहेबाला वाटलं, दुसरी मीटिंग. म्हणाला, किती वेळ लागेल?

"सर, लाइफ टाइम!"

मग उलगडा झाला आणि तिकडचे सहाजण एकदम टाळ्या वाजवायला लागले. सासऱ्यांनी फोन स्पीकरवर टाकायला लावला. आजही ते सांगतात, जावयाच्या साखरपुड्याला अमेरिकेहून माणसं होती. गोविंदचं गाऱ्हाणं मात्र वेगळंच. "ताई, घड्याळ त्यांनी मागं घेतलं, अंगठी माझी थांबली!"

* * *

आणि एक हा.

एका क्लासला सामान्य ज्ञानाचे प्रश्न हवे होते. गोविंदने भूकंपांची माहिती एका परदेशी साइटवरून उचलली आणि प्रश्न तयार केले. त्यात एक प्रश्न होता, किल्लारीचा भूकंप कोणत्या तारखेला झाला? टेस्ट झाली आणि तक्रारींचा पाऊस पडला. सगळ्या पोरांनी तीस सप्टेंबर लिहिलं होतं. आमच्या सिस्टिमने सगळ्यांना चूक दिली होती. बरोबर उत्तर म्हणून तिथे होतं, एकोणतीस.

मी बघितलं. साइट जागतिक वेळ देत होती. आपल्याकडे तीसची पहाट, तिकडच्या हिशेबात अजून एकोणतीसच. आकडा चुकलेला नव्हता, आपल्या वेळेत आणायचा राहिला होता.

बिरादार सर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "काय भानगड आहे?"

"सर, तांत्रिकदृष्ट्या चूक नाही," मी म्हणाले. "भूकंप झाला तेव्हा लंडनला एकोणतीस तारीख होती."

"भूकंप लंडनला झाला का?"

"नाही सर, पण जागतिक वेळेनुसार..."

"एकोणतीसला काय झालं ते मला ठाऊक आहे," सर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. गोविंदने टायपिंग थांबवलं. "एकोणतीसला गावात गणपती बुडवले. मी नाचून नाचून उशिरा घरी आलो. आई चिडली होती. तरी तिनं चूल पेटवली, गरम भाकरी केली, पुढ्यात बसून मला वाढलं. म्हणाली, आता झोप, सकाळी बोलू तुझ्याशी."



सरांनी स्क्रीनवरच्या त्या आकड्यावर बोट ठेवलं.

"एकोणतीसला माझी आई होती," ते म्हणाले. "तीस करा."