बिबट, ससा आणि माझी धाकटी बहीण

धाकट्या बहिणीचं चित्र अकोल्याच्या प्रदर्शनात लागलं, तेव्हा मी अमरावतीहून सकाळच्या बसने गेले. मी शाळेत चित्रकला शिकवते. चित्रकलेचं रीतसर शिक्षण आमच्या घरात मी एकटीनेच घेतलं. ती लग्नानंतर, मुलं शाळेत गेली की स्वयंपाकघराच्या ओट्यावर कागद पसरून शिकली. आणि भिंतीवर चित्र तिचं होतं.

मोठा बिबट बसलेला, त्याच्या सावलीत ससा. बिबट्याची नजर सशाकडे नव्हतीच. तो लांब कुठेतरी बघत होता. चित्र चांगलं होतं. ते कळण्याइतकं मी शिकलेली होते, आणि तेच बोचत होतं.

चित्रापुढे लोक अर्थ लावत होते. एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले, बिबट म्हणजे सत्ता आणि ससा म्हणजे सामान्य माणूस. एका मुलीला त्यात नवरा-बायको दिसले. बहीण नुसती हसत होती. मग कुणीतरी मला विचारलं. मी म्हणाले, बिबट्याचं पोट भरलंय; ससा त्याला मारण्याच्याही लायकीचा वाटत नाही. लोकांनी माना डोलावल्या. सशाच्या जागी मी स्वतःला धरून बोलत होते, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. बहिणीचा चेहरा तेवढा उतरला.

दुपारी तिच्या घरी जेवायला बसलो, तेव्हा तिने विषय काढला.

"ताई, तुले खरंच तसं वाटलं? बिबट तू आहे. ससा मी आहो."

मी ताटातली भाकरी मोडत राहिले.

"तू चित्र काढे, तवा मी तुया बाजूले गुपचूप बसे. हलली तं हाकलून देशीन म्हणून. तसंच तं शिकली मी."

मला भरून यायला हवं होतं. थोडं आलंही. पण परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर येईपर्यंत मनात दुसरंच सुरू झालं. मला बिबट केलं, तरी चित्र तिचंच. त्या बिबट्याचं स्वतःचं एकही चित्र आजवर कुठल्या भिंतीवर लागलेलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी तिला फोन केला आणि बिबट्याची कातडी कशी रंगवली ते विचारलं. चित्रातलं काही तिला विचारण्याची माझी ही पहिलीच वेळ. ती भरभरून सांगत राहिली. मी ऐकत होते, आणि ऐकतानाही जळत होते.